अमेरिकन नभोवाणीवरील वाद्यवृंद व त्यांचे व्यापारी दाते

ज्याचें बाड नाहीं, दप्तर नाहीं, शिलालेखहि नाहीं, त्याचा इतिहास लिहावा कसा, असा प्रश्न आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं मागें केला होता. प्रस्तुत टिपणाचा विषय त्याच जातीचा आहे. इ. स. १९२२ पासून पुढील वीस वर्षांत अमेरिकेंतील व्यापारी कंपन्यांनीं स्वद्रव्यानें नभोवाणीवरून वाद्यवृंद वाजविले. वादन ज्या क्षणीं होई त्याच क्षणीं तें ऐकिलें जाई आणि विरून जाई. मागें राहिले ते कागद, आणि तेहि बहुतेक दात्याचे. या साधनांतून वादकांचा माग कितपत लागतो, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

आरंभ संगीतापासून झाला नाहीं. न्यू यॉर्क येथील डब्ल्यूईएएफ हें केंद्र तेथील टेलिफोन कंपनीचें होतें. टेलिफोनवर बोलणारा जसे दाम मोजतो, तसेच नभोवाणीवर बोलणाऱ्यानेंहि मोजावे, ही त्या कंपनीची कल्पना. तदनुसार २८ ऑगस्ट १९२२ रोजीं दहा मिनिटांचें पहिलें विकत घेतलेलें भाषण झालें. त्याचा विषय जॅक्सन हाइट्स येथील घरांची विक्री हा होता. परंतु असा उघड बाजार लोकांच्या बैठकीच्या खोलींत मांडणें पुष्कळांस अशिष्ट वाटे. वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनीं त्याच वर्षाच्या आरंभीं जाहिरातींविषयीं आपली नापसंती बोलून दाखविली होती. यावर व्यापाऱ्यांनीं काढलेली तोड मोठी चतुर. मालाची स्तुति करूं नये. वाद्यवृंदासच मालाचें नांव द्यावें! चहा व किराणा विकणाऱ्या कंपनीचे ‘ए अँड पी जिप्सीज’, आल्याच्या पेयाचे ‘क्लिको क्लब एस्किमोज’, दंतलेपाचे ‘इपाना ट्रुबॅडूर्स’. हे एस्किमो केवळ नांवापुरतेच एस्किमो होते, हें सांगणें नलगे. पुढें १९२७ च्या रेडिओ-कायद्यानें, पैसे घेऊन जें जें प्रक्षेपित होईल त्याबरोबर पैसे देणाराचें नांव जाहीर करणें केंद्रांवर बंधनकारकच केलें. म्हणजे दात्याचें नांव कायद्यानें राखिलें. वादकांच्या नांवांविषयीं असा कांहीं निर्बंध नव्हता.

आमच्या वाचकांस येथें ताम्रपटांची आठवण होईल. त्यांतहि दात्याची वंशावळ व बिरुदें लांबलचक असतात. तथापि अखेरीस लेखकाचें व कोरणाराचें नांव पुष्कळदां सांपडतें. नभोवाणीच्या कागदांत संचालकाचें व मुख्य गायकाचें नांव येतें, आणि बाकीचे सर्व ‘वाद्यवृंद’ या एका शब्दांत गडप होतात. शिवाय या व्यवहारास दान म्हणण्यापेक्षां क्रय म्हणणेंच अधिक शुद्ध. फायरस्टोन या टायरच्या कंपनीचा कार्यक्रम ३ डिसेंबर १९२८ रोजीं सुरू झाला; पुढें त्याच्या आरंभीं वाजणारें गीत संस्थापकाच्या पत्नी आयडाबेल फायरस्टोन यांनींच रचिलेलें असे. दात्याच्या घरचें गीत व दात्याचेंच नांव, असा हा योग.

फोर्ड मोटार कंपनीचें उदाहरण सर्वांत बोलकें आहे. तिचा ‘फोर्ड संडे ईव्हनिंग अवर’ १९३४ च्या ऑक्टोबरांत कोलंबिया या केंद्रसमूहावरून सुरू झाला. दर रविवारीं रात्रीं तासभर डेट्रॉइट सिंफनीचे वादक वाजवीत. मोटारींची जाहिरात जवळजवळ नसे. तिच्या जागीं मध्यंतरांत विल्यम जे. कॅमेरॉन हे कांहीं मिनिटें भाषण करीत. हे गृहस्थ पूर्वीं फोर्डच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या ज्यूद्वेषी पत्राचे संपादक होते. भाषणांत व्यक्तीच्या उद्यमाचा गौरव व सरकारी हस्तक्षेपाचा निषेध वारंवार येई. हीं भाषणें छापून मागणाऱ्यांस विनामूल्य पाठवीत. पुढें त्यांचे संग्रहहि निघाले. आज ग्रंथालयांत तीं सहज मिळतात. तासभर वादन करणाऱ्यांहून मध्यंतरीं थोडा वेळ बोलणाराची साधनें विपुल, हें पाहून आम्हांस खेद झाला. केवळ तेवढ्यावरून त्या कार्यक्रमाचें मोल ठरविणारा फसेल. श्रोते मुख्यतः संगीतासाठीं बसत, भाषण त्यांच्या पदरांत आपोआप पडे. आमच्याकडील कीर्तनांत आख्यानासाठीं आलेल्यास निरूपण ऐकावें लागतें, तसेंच कांहींसें.

१९४२ च्या आरंभीं युद्धामुळें खासगी मोटारींचें उत्पादन बंद पडलें आणि मार्चमध्यें हा कार्यक्रमहि थांबला. त्याच वर्षीं डेट्रॉइट सिंफनी मोडली. ती पुन्हां उभी राहिली १९४३ मध्यें.

ध्वनिमुद्रणें अगदींच नाहींत असें नाहीं. १९३४ च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा लेप दिलेल्या तबकड्या प्रचारांत आल्या, व कांहीं कार्यक्रम त्यांवर उतरले. युद्धकाळीं अ‍ॅल्युमिनियम दुर्मिळ झाल्यानें पत्र्याऐवजीं कांच वापरूं लागले. अशी तबकडी कोणा संग्राहकाच्या हातीं आल्यास त्यानें ती जुन्या यंत्रावर वाजवून पाहूं नये. जड सुईनें लेप प्रत्येक फेरीस झिजतो, आणि कांच तर टेबलावरून घसरली कीं संपली.