मोहेंजोदडोचे मौन

सिंधू नदीच्या पश्चिमेस, सिंध प्रांतातील लारकाना जिल्ह्यात मोहेंजोदडोचे अवशेष आहेत. या नावाचा अर्थ 'मेलेल्यांची टेकडी' असा सांगतात. ते नाव मागाहूनचे आहे. नगरवासी आपल्या नगरास काय म्हणत, हे कोणासही ठाऊक नाही. जे नगर स्वतः काहीच सांगत नाही, त्याच्याविषयी इतरांनी काय काय सांगितले, हा इतिहासही शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९११-१२ साली देवदत्त रामकृष्ण भांडारकर या स्थळी येऊन गेले. डॉ. रा. गो. भांडारकरांचे हे चिरंजीव स्वतःही थोर पुराविद होते. परंतु येथील विटा त्यांना अर्वाचीन वाटल्या आणि अवशेष अवघे दोनशे वर्षांचे असावेत, असा अभिप्राय त्यांनी दिला. दहा वर्षांनी, १९२२ साली, राखालदास बॅनर्जी यांनी तेथील बौद्ध स्तूपाच्या परिसरात उत्खनन आरंभिले. हडप्प्याच्या मुद्रांशी जुळणाऱ्या मुद्रा सापडल्या आणि १९२४ साली सर जॉन मार्शल यांनी या संस्कृतीची वार्ता जगास कळविली. त्यानंतरच्या हंगामात काशीनाथ नारायण दीक्षित यांनी हे काम पुढे नेले. आज या नगराचा काळ स्थूलमानाने इ. स. पूर्व २५०० ते १९०० असा मानतात.

भांडारकरांच्या चुकीस हसण्याचे कारण नाही. १:२:४ या प्रमाणातील भाजक्या विटा, झाकलेली गटारे, घरोघरच्या विहिरी, सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व २.४ मीटर खोल असे डांबराचा थर दिलेले स्नानकुंड. एवढी नीटस रचना साडेचार हजार वर्षांपूर्वीची असेल, हे त्या काळी कोणाच्या मनात यावे?

दुसरी चूक मात्र अधिक खोल रुजली. वरच्या थरांतील सुमारे चाळीस सांगाडे आणि ऋग्वेदातील 'पुरंदर' इंद्र यांची सांगड घालून सर मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ साली आर्यांच्या आक्रमणाचे व कत्तलीचे चित्र उभे केले. ते पाठ्यपुस्तकांत शिरले. आम्हीही ते वर्गात रंगवून सांगितले. १९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी दाखवून दिले की, हे सांगाडे एकाच वेळचे नाहीत आणि लढाईचा कोणताही पुरावा तेथे नाही. पुढे अस्थींच्या तपासणीतही बहुतेकांवर प्राणघातक घावांच्या खुणा आढळल्या नाहीत. आता अभ्यासक क्षीण झालेला पाऊस, नद्यांची बदललेली पात्रे आणि व्यापाराचा ऱ्हास अशा अनेक कारणांचा विचार करतात. नगर एका रात्रीत पडले नाही. ते हळूहळू ओस पडले.

खरे गूढ आहे ते लिपीचे. तिची सुमारे चारशे चिन्हे मोजली गेली आहेत, पण बहुतेक लेख सरासरी पाचच चिन्हांचे आहेत आणि ते उलगडणारा द्विभाषी लेख अद्याप मिळालेला नाही. त्यामुळे 'पुरोहित-राजा' म्हणून प्रसिद्ध असलेली मूर्ती पुरोहिताची की राजाची, की दोहोंपैकी कोणाचीच नव्हे, हेही ठरत नाही. ते नाव आपण दिलेले आहे.

विद्यार्थी विचारतो, "मग ते लोक गेले तरी कुठे?" पुष्कळ जण पूर्वेकडे व गुजरातेकडे लहान वस्त्यांत पांगले असावेत, असे त्यास सांगावे, मात्र त्यातील 'असावेत' हा शब्द गाळू नये. एका अभिप्रायाने हे नगर दहा वर्षे दुर्लक्षित राहिले आणि एका कथेने त्याच्या अंताविषयी पिढ्यान्‌पिढ्यांचा गैरसमज झाला. पुरावा जेथे थांबतो तेथे आपणही थांबावे, हा पाठ आम्हांस या मूक नगरानेच दिला आहे.