दाम मोजून घेतलेली फिरंग

शिवाजी महाराजांना तलवार देवीने दिली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. जुन्या कागदांतली एक नोंद मात्र रोख व्यवहाराची आहे: १६५९ साली कोकणातल्या सावंतांकडून एक फिरंग घेतली, ३०० होन देऊन. तीच भवानी का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला त्या ३०० होनांचेच जास्त अप्रूप वाटते.

फिरंग म्हणजे युरोपात घडलेले लांब, सरळ पाते. पोर्तुगीज जहाजांतून ते किनाऱ्यावर उतरे. मूठ इथले कारागीर बसवत, आत लाख भरून. चांगले पाते वाकवले तरी पुन्हा सरळ होते, पारख ती. मराठे सरदार फिरंग बाळगत, तसे आदिलशाहीतलेही. पाते ख्रिस्ती लोहाराचे म्हणून कुणी ते परत केल्याचे माझ्या वाचनात नाही!

मी राहतो त्या कोपरीत, ठाण्याच्या खाडीकाठी, १७३७ पर्यंत पोर्तुगीजांचाच अंमल होता. आज मात्र तलवारीचे चित्र दिसले की लोक आधी विचारतात, हिंदूची की मुसलमानाची? वस्तुसंग्रहालयात फिरंग दिसली तर मुठीखाली नीट बघा. पात्यावर कधी कधी रोमन अक्षरे सापडतात.