पॉलिऑलचा ड्रम

स्प्रे फोमला दोन ड्रम लागतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल; दोन्ही मिळाले की पॉलियुरेथेनचा फोम होतो. माझ्या नोकरीभर आयसोसायनेट जवळपास तेच राहिलं. बदलत गेला तो पॉलिऑलचा ड्रम. या धंद्याचा इतिहास त्याच ड्रमात आहे.

१९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधलं. स्वस्त पॉलिइथर पॉलिऑल आले १९५० च्या दशकात. कडक फोमच्या पॉलिऑलचं मूळ बहुतेकदा साखर. तिच्या एका रेणूवर आठ हायड्रॉक्सिल, म्हणजे आयसोसायनेटशी जोडली जाणारी टोकं, असतात. कॉस्टिक पोटॅश घालून त्यांच्यावर प्रॉपिलीन ऑक्साइड चढवतात. नुसत्या साखरेचा माल काकवीसारखा घट्ट होतो, पंपाला ओढवत नाही, म्हणून सोबत ग्लिसरीन. स्प्रेला एवढ्यानं भागत नाही. छपराच्या पत्र्याला खालून मारलेला फवारा ओघळायच्या आत, काही सेकंदांत फुलून धरला पाहिजे. त्यासाठी रेणूतच नायट्रोजन असलेला मॅनिक पॉलिऑल मिसळतात.

मी कसारा लोकलनं ठाण्याच्या बाजूला मिक्सिंगच्या कामाला जायचो. पॉलिऑलमध्ये सिलिकॉन, कॅटलिस्ट, थोडं पाणी आणि फुगवणारं द्रव्य मोजून घालायचं. तेव्हा ते द्रव्य सीएफसी-११ होतं. ते २४ अंशांना उकळतं, आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे सकाळीच त्याहून जास्त तापतं. ड्रम सावलीत ठेवायचे, बूच हळूहळू सैल करून आधी दाब सोडायचा. पावसाळ्यात वेगळा ताप. पॉलिऑल हवेतला ओलावा ओढून घेतो, पाणी जास्त झालं की फोम ठिसूळ होतो. झाकण उघडं टाकणाऱ्यावर मी खरोखर चिडायचो.

ओझोनच्या मॉन्ट्रियल करारात भारत १९९२ साली आला आणि २०१० पासून सीएफसी थांबलं. मग आलं ३२ अंशांना उकळणारं एचसीएफसी-१४१बी. १ जानेवारी २०२० पासून तेही बंद. प्रत्येक वेळी पॉलिऑलचं मिश्रण नव्यानं बसवावं लागलं, कारण नवं द्रव्य त्यात तसंच विरघळेल याची खात्री नसते. ही मेहनत छपराखाली बसणाऱ्याला कधी दिसली नाही.

आमच्या बांधावर एरंड आपोआप उगवतो. एरंडेलात हायड्रॉक्सिल मुळातच असतात, म्हणजे ते तयार पॉलिऑलच. मुंबईच्या जयंत अ‍ॅग्रो-ऑरगॅनिक्सनं जपानी मित्सुई केमिकल्सबरोबर एरंडेलापासून पॉलिऑल बनवण्याची कंपनी काढली. रेणूमागे हायड्रॉक्सिल तीनहून कमी आणि तेही संथ, म्हणून कडक स्प्रेत सध्या ते थोडंच चालतं. ते प्रमाण वाढवण्यावर आपल्याकडच्या रसायनशास्त्रज्ञांनी जोर लावावा, असं मला फार वाटतं. प्रॉपिलीन ऑक्साइड खनिज तेलातून येतं. एरंडाला मुरमाड जमीनही पुरते.