परसांतील कोंबडी

राज्याभिषेकाला सव्वीस वर्षें लोटल्यावर सम्राट अशोकानें जो आदेश शिलास्तंभांवर कोरविला, त्यांत अनेक पशुपक्ष्यांना अभय दिलें आहे. पोपट, मैना, हंस, कांसव अशी ती यादी वाचीत गेलें म्हणजे पुढें एक चमत्कारिक कलम लागतें : कोंबड्यांना खच्ची करूं नये. कोंबडा मारूं नये, असें तेथें म्हटलेलें नाहीं. त्याला खच्ची करून, चारून लठ्ठ करावयाची जी रीत होती, तेवढीच बंद केली आहे. एवढ्या विस्तीर्ण राज्याच्या धन्याला ज्या गोष्टीचा निषेध दगडावर कोरवावासा वाटला, ती एखाददुसऱ्या घरीं चालणारी गोष्ट खास नव्हे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत कोंबडी ही अंगणांतील नित्याची वस्तु झाली होती, असा याचा अर्थ.

कौटिलीय अर्थशास्त्रांतहि तिची गांठ पडते, पण ती कर वसूल करणाऱ्याच्या वाटेवर. राजाचा कोश रिकामा झाला असतां तो कसा भरावा, हें सांगतांना ग्रंथकार गाई-म्हशींच्या धन्यांकडून दहावा भाग मागतो, लहान जनावरांच्या धन्यांकडून सहावा, आणि कोंबड्या व डुकरें पाळणाऱ्यांकडून मात्र अर्धा ! हें मागणें एकदांच करावें, दुसऱ्यांदा करूं नये, असें तो बजावतो, एवढी त्याची दया. हें प्रमाण कां, याचें कारण तो देत नाहीं. कोंबडी लवकर वाढते, हें एक कारण असूं शकेल. कोंबडी पाळणारा तक्रार घेऊन कोणाकडे जाणार, हें दुसरें.

धर्मग्रंथांत कोंबडी येते ती निषेधापुरती. मनुस्मृतीनें लसूण, कांदा व अळंबीं यांच्या पंक्तीला ग्रामकुक्कुट बसविला आणि द्विजांना तो वर्ज्य केला. हा निषेध इतका सर्वांच्या परिचयाचा होता, कीं पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच तो उदाहरणादाखल घेतला आहे. गांवचा कोंबडा खाऊं नये असें म्हटलें, कीं रानचा चालतो हें आपोआप कळतें. तसें शुद्ध शब्द कोणते हें सांगितलें, कीं अशुद्ध कोणते हें वेगळें सांगावें लागत नाहीं. व्याकरणाची सोय झाली. परंतु परिणाम असा झाला, कीं ज्या घरांत लेखणी होती त्या घरांत कोंबडी नव्हती, आणि ज्या घरांत कोंबडी होती तेथें लेखणी पोंचावयाला विसावें शतक उजाडावें लागलें. घोड्यांवर, हत्तींवर, शिकारी ससाण्यांवर संस्कृतांत ग्रंथ झाले; परसांतील कोंबडीचा जमाखर्च मात्र कोणी लिहून ठेविला नाहीं.

ही कोंबडी मूळची कोठली ? चार्ल्स डार्विननें १८६८ सालीं छापलेल्या ग्रंथांत तांबड्या रानकोंबड्याला सर्व पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष ठरविलें, आणि तें बऱ्याच अंशीं खरें निघालें आहे. थायलंडांत बान नॉन वाट येथें सांपडलेलीं, ख्रिस्तपूर्व सुमारें १६५० ते १२५० या काळांतील हाडें सर्वांत जुन्या निःसंशय पाळीव कोंबड्यांचीं होत, असें संशोधकांनीं २०२२ सालीं मांडलें. भाताच्या आणि भरड धान्याच्या शेतांकडे रानपक्षी दाण्यांच्या लोभानें आला व हळूहळू माणसाळला, असा त्यांचा तर्क आहे. डार्विनच्या निर्णयाला मात्र २००८ सालीं एक पुरवणी जोडावी लागली. कोंबडीचे पाय ज्या गुणामुळें पिवळे होतात, तो तिला तांबड्या रानकोंबड्याकडून मिळालेला नाहीं. तो करड्या रानकोंबड्याकडून आला आहे, आणि करडा रानकोंबडा हा सह्याद्रीचा व दक्षिण भारताचा रहिवासी. पहांटे घाटांतल्या झाडींतून ज्याची तुटक आरोळी ऐकूं येते, तोच हा. तेव्हां जगाच्या पाठीवर ज्या ज्या कोंबडीचे पाय पिवळे आहेत, तिच्या अंगांत थोडेंसें या डोंगरांतील रक्त आहे.

आतां परसांत यावें. देशी कोंबडीचा संसार फार थोड्या भांडवलावर चालतो. खुराड्याला चार फळ्या किंवा भिंतींतला एक कोनाडा पुरतो. पिलें झांकावयाला बांबूचें एक डालगें लागतें. सकाळीं दार उघडून मूठभर कण्या किंवा कोंडा टाकला, कीं बाकीचें पोट ती उकिरड्यावर, गोठ्यांत व खळ्यावर भरून घेते. नुकत्याच निघालेल्या पिलांसाठीं वाळवी लागलेलें लांकूड आणून अंगणांत झटकतात. वर्षांतून तीन-चार वेळां ती अंड्यावर येते व एका खेपेला दहा-पंधरा अंडीं घालते. मग खुडूक होते. पिसें फुलवून, घशांतल्या घशांत कुरकुरत एका जागीं बसून राहते. शहरांतील माणसाला हा आळस वाटेल, पण घरधनीण याच दिवसाची वाट पाहत असते. टोपलींत राख व गवत घालून, त्यांत ताजीं आणि न तडकलेलीं दहा-बारा अंडीं मांडून तिला वर बसवितात. विजेच्या कडकडाटानें अंडीं नासतात, अशा समजुतीनें टोपलींत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. एकविसाव्या दिवशीं टोपलींतून चिवचिव ऐकूं येते, आणि त्यापुढचा महिना घार, कावळा, मुंगूस व बोका यांचा. बारांतलीं सहा पिलें हाताशीं लागलीं, तर ती बाई स्वतःला नशीबवान समजते.

ती बाई, असेंच म्हणावयाचें. कारण या संसाराचा हिशेब पुरुषाकडे नसे. जमीन, बैल व धान्याची कणगी त्याच्या नांवावर. कोंबडी मात्र जिनें वाढविली तिची. बाजाराच्या दिवशीं टोपलींत भुसा घालून नेलेल्या अंड्यांचें येतांना मीठ, तेल, काड्याची पेटी किंवा मुलाची पाटी होत असे. पाहुणा आला, मुलगी बाळंतपणाला आली, कोंकणांत देवाची राखण द्यावयाची झाली, देशावर म्हसोबाचा नवस फेडावयाचा झाला, कीं हात त्याच खुराड्याकडे जाई. घरांत तापानें कोणी अंथरूण धरलें आणि जवळ दमडी नसली, तर सावकाराचा उंबरठा न चढतां उभी राहणारी रक्कम हीच. जिला कोंबडी विकत घेण्याचीहि ऐपत नसे, ती शेजारणीची तलंग वाट्यानें घेई. राखण हिनें करावयाची आणि पिलें मोठीं झालीं, कीं निम्मीं तिचीं व निम्मीं हिचीं. कौटिल्यानें मागितलेला अर्धा आणि हा अर्धा यांत अंतर आहे. येथें अर्धा देणारीच्या हातीं आधीं कांहीं तरी पडलेलें असे. कोंबडें झांकल्यानें तांबडें फुटायचें राहत नाहीं, या म्हणीचा अर्थ शाळेंत पुष्कळांनीं लिहिला असेल. पण डालग्याखालीं कोंबडें रोज कोण झांकतें, हें पाहिलें म्हणजे ती प्रथम कोणाच्या तोंडून निघाली असेल तेंहि कळतें.

सुधारकांचें लक्ष या परसाकडे गेलें तें विसाव्या शतकांत. विलायतेंत त्यापूर्वींच कोंबड्यांचें वेड पसरून ओसरलेंहि होतें. १८४० नंतर चीनमधून आलेल्या थोराड कोंबड्यांसाठीं तेथील लोक वाटेल ती किंमत मोजीत. त्यांतील एका जातीला ब्रह्मपुत्रेवरून ‘ब्रह्मा’ हें नांव पडलें, आणि १८५२ सालीं त्या जातीचे पक्षी अमेरिकेहून राणी व्हिक्टोरियाला नजर करण्यांत आले. हिंदुस्थानांतून गेलेल्या झुंजार असील कोंबड्यांपासून कॉर्नवॉल परगण्यांत एक रुंद छातीची जात तयार झाली. तिला इंग्लंडांत ‘इंडियन गेम’ म्हणत. हिची गांठ पुढें पुन्हां पडावयाची आहे.

इकडे १९१२ सालीं संयुक्त प्रांतांत एटा येथें अमेरिकन मिशनऱ्यांनीं विलायती कोंबड्यांचें केंद्र काढलें व खेड्यांतील जात सुधारण्याचें काम हातीं घेतलें. पुढें ठिकठिकाणीं सरकारी केंद्रें निघालीं. योजना साधी होती. देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडीं देते, पांढरी लेगहॉर्न त्याच्या कितीतरी पट. तेव्हां गांवांतील देशी कोंबडे काढून घ्यावे आणि त्यांच्या बदल्यांत लेगहॉर्न किंवा ऱ्होड आयलंड रेड कोंबडे द्यावे. कागदावर हिशेब बिनचूक होता. परंतु लेगहॉर्न अधिक अंडीं देते याचें एक कारण असें, कीं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिचा खुडूक होण्याचा गुणच काढून टाकलेला आहे. जी उबवावयाला बसत नाहीं, ती तितके दिवस अंडीं घालते. उबवणीचें यंत्र जवळ असेल तेथें हा फायदा. परसांत मात्र यामुळें पिलांना आईच उरत नाहीं. शिवाय पांढरा पक्षी घारीला दुरून दिसतो, आणि मोजून खाद्य खाण्याची संवय लागलेली कोंबडी उकिरड्यावर अर्धपोटीं राहते. सुधारणा करणाऱ्यांनीं घातलेलीं अंडीं मोजलीं. घरधनिणीला विचारलें असतें, तर तिनें मेलेलीं पिलें मोजून दाखविलीं असतीं.

तिचें खरें दुखणें निराळेंच होतें, व त्याला तिच्या भाषेंत नांवहि होतें : मानमोडी. बहुधा उन्हाळ्यांत ही साथ येते. कोंबडी सुस्त होते, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट हगते, मग मान पिळवटून पडते. चार-पांच दिवसांत खुराडें रिकामें होतें. शेजारीं साथ लागल्याचें कळतांच बायका आपल्या धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या घाईनें बाजारांत नेऊन मिळेल त्या भावाला विकीत, आणि त्यांच्याबरोबर रोग पुढच्या गांवीं जाई. त्यांना दोष देणें सोपें आहे. पण आठवड्यानें जी मरणार, ती आज विकूं नये असें सांगणाऱ्यानें तिची किंमत तरी द्यावयास हवी होती. शास्त्रज्ञांनीं हा रोग १९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें ओळखला आणि लगेच १९२७ सालीं कुमाऊंतील राणीखेत येथें. म्हणून भारतांत त्याला राणीखेत हें नांव मिळालें. त्याच कुमाऊंतील मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संस्थेंत १९४० नंतर त्यावर लस तयार झाली. रोगाचा विषाणु गर्भ असलेल्या अंड्यांतून पुन्हां पुन्हां नेऊन सौम्य करावयाचा, अशी ती युक्ति. कोंबडीच्या रोगाला उतार कोंबडीच्या अंड्यांतूनच निघाला.

लस झाली; परसांत ती आली असें नाहीं. कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची, आणि घरांत कोंबड्या आठ. कुपी थंड ठेवावी लागते, आणि एकदां विरघळविली कीं दोन-तीन तासांत संपवावी लागते. ज्याच्याजवळ हजार पक्षी एका छपराखालीं आहेत, त्याला हें जमतें. गांवभर पसरलेल्या आठ-आठ कोंबड्यांना एकाच सकाळीं धरणें, हें शास्त्राहून अवघड काम आहे. आणि त्यासाठीं माणूस कोणी नेमावा, या प्रश्नावर दशकें गेलीं.

मधल्या काळांत हजार पक्ष्यांचें छप्पर मोठें झालें. गंमत अशी, कीं त्याचा आरंभहि एका गृहिणीच्याच परसांत झाला. अमेरिकेंत डेलावेर संस्थानांत सिसिल स्टील या बाईंनीं १९२३ सालीं अंड्यांसाठीं पन्नास पिलें मागविलीं. चुकून पांचशें आलीं. त्यांनीं तीं परत न पाठवितां वाढविलीं आणि जगलेलीं ३८७ मांसासाठीं चांगल्या भावानें विकलीं. त्यांतून जो धंदा वाढला, त्यांतील आजच्या ब्रॉयलर कोंबडीच्या रुंद छातींत कॉर्नवॉलच्या त्या ‘इंडियन गेम’चें, म्हणजे येथल्याच असीलचें रक्त आहे. भारतांत १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं वेंकटेश्वर हॅचरीज काढली, आणि पुढें पुणें हें या धंद्याचें मोठें ठाणें झालें. अंडें स्वस्त झालें, शहरांतल्या घरोघरीं पोंचलें, हा लाभ थोडा नव्हे. मात्र अंड्याचा पैसा आतां छपराच्या मालकाकडे, खाद्याच्या कारखान्याकडे व वाहतूकदाराकडे जाऊं लागला. बाजाराच्या टोपलीला त्या भावाशीं स्पर्धा करणें कठीण झालें. देशी अंड्याला व देशी कोंबडीला गिऱ्हाईक चढा भाव देतें, एवढ्यावर ती तग धरून राहिली.

फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू आढळला. देशांत तो तेव्हां प्रथमच. मोठ्या पोल्ट्र्यांतील लाखों पक्षी मारण्यांत आले, आणि ठरविलेल्या अंतराच्या आंत जीं घरें येत होतीं तेथील खुराडींहि रिकामीं करण्यांत आलीं. रोग माणसाला होण्याची भीति होती, त्यामुळें दुसरा उपाय नव्हता. भरपाई पक्षी मोजून मिळाली. खुडूक बसलेल्या कोंबडीची किंमत आणि नुसत्या कोंबडीची किंमत यांत परसांत जो भेद करितात, तो त्या मोजणींत बसणारा नव्हता.

एवढें होऊनहि परसांतील कोंबडी गेली नाहीं. २०१९ च्या पशुगणनेंत देशांत ८५ कोटी १८ लाख कुक्कुट मोजले गेले. त्यांतील ३१ कोटी ७० लाख परसांतले होते, आणि २०१२ च्या मानानें ही संख्या ४५.८ टक्क्यांनीं वाढलेली होती. बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें गिरिराज व हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनें वनराज अशा रंगीत पिसांच्या, परसांत चरूं शकणाऱ्या जाती तयार केल्या. पांढऱ्या लेगहॉर्नचा धडा उशिरां कां होईना पाठ झाला. मानमोडीचीहि उष्णता सोसणारी लस ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठांत प्राध्यापक स्प्रॅडब्रो यांनीं सिद्ध केली. ती डोळ्यांत थेंब टाकून देतां येते, आणि मोझांबिक, टांझानिया यांसारख्या देशांत गांवांतल्याच बायका ती घरोघर जाऊन देतात.

गिरिराज आणि वनराज यांच्या कोंबड्या अंडीं पुष्कळ घालतात, पण उबवावयाला सहसा बसत नाहींत. म्हणून सुधारलेल्या जातीचीं अंडीं घरीं आणलीं, कीं बाई प्रथम शेजारपाजारीं चौकशी करते : देशी कोंबडी कोणाची खुडूक झाली आहे कां ?