हिंगणघाटचा कापूस नदीने का गेला नाही?

१/ १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. वेणा नदीकाठचे हिंगणघाट ही त्यातली नामांकित पेठ. हा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा कसा?

२/ अभियंते आर्थर कॉटन यांचे उत्तर होते : नदीने. वेणा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि ती गोदावरीत उतरते. बंगालच्या उपसागरापर्यंतची वाट निसर्गानेच आखलेली. जलवाहतूक रेल्वेपेक्षा स्वस्त, हा कॉटन यांचा ठाम आग्रह.

३/ संथ पाण्यापुरता तो रास्त होता. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर लागणारी शक्ती घनाच्या. वेग दुप्पट केला की विरोध चौपट, शक्ती आठपट. उलट वेग निम्मा केला, तर आठव्या हिश्शाची शक्ती पुरते. सावकाश चालणाऱ्या नावेची स्वस्ताई यातच आहे.

४/ पण नदी वाहती असते. कापूस प्रवाहाबरोबर उतरेल. नावांना मात्र प्रवाह कापत परतावे लागणार. समजा, प्रवाह ताशी ४ मैल आहे आणि काठाच्या हिशेबाने ताशी २ मैल पुढे सरकायचे आहे. मग पाण्यातला वेग ६ मैल हवा : संथ पाण्यात लागला असता त्याच्या तिप्पट. म्हणजे शक्ती २७ पट. अंतर तेवढेच, वेळ तेवढाच. इंधन मात्र २७ पट!

५/ मोठे इंजिन आणि जास्त इंधन म्हणजे जास्त वजन; बोट अधिक बुडते. उथळ पात्रात तळाखालचे पाणी कोंडते आणि विरोध आणखी वाढतो. त्यात ऋतूंचा पेच : पावसाळ्यात पाणी भरपूर, पण ओढही प्रचंड, कापूस वेचून पेठेत येतो तोवर नदी ओसरू लागलेली.

६/ म्हणून नदीलाच संथ करण्याचा घाट घातला गेला. दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी येथील खडकाळ टप्पे बंधारे व कालव्यांनी ओलांडायचे होते. काम हेग या लष्करी अभियंत्याकडे होते.

७/ खर्च वाढत गेला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये गोदावरीची योजना सोडून देण्यात आली. पुढे वरोऱ्याकडे जाणाऱ्या फाट्याने हिंगणघाटही लोहमार्गाला जोडले गेले. पूर्वेच्या समुद्राकडे निघायचा कापूस पश्चिमेला, मुंबईकडे वळला.

८/ कॉटन यांचा हिशेब संथ पाण्याचा होता. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी वाहत राहिल्या.