मेडिसिन बॉल

मेडिसिन बॉल किंवा वजनी व्यायामचेंडू हे ताकद, वेग आणि शरीराचा समन्वय वाढवण्यासाठी वापरले जाणारे जड, गोलाकार व्यायामसाधन आहे. व्यायामशाळांत सामान्यतः १ ते १० किलोग्रॅम वजनाचे चेंडू आढळतात. चेंडू दोन्ही हातांनी धरून फेकणे, झेलणे, जमिनीवर आपटणे किंवा धड वळवत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस नेणे हे त्याचे प्रमुख उपयोग होत. काही चेंडूंना एक किंवा दोन मुठी जोडलेल्या असतात. मूठ काढता-घालता येत असेल तर एकच साधन चेंडू, डंबेल आणि केटलबेल अशा तिन्ही रीतींनी वापरता येते. मात्र मूठ लावताच गोळ्याचा भार हातावर पडण्याची तऱ्हा पूर्णतः बदलते. त्यामुळे अशा साधनाच्या रचनेत गोळ्यापेक्षा मूठ आणि तिचा जोड हाच कळीचा भाग ठरतो.

इतिहास

जड चेंडूने व्यायाम करण्याची पद्धत जुनी असली तरी आजच्या स्वरूपातील मेडिसिन बॉल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील व्यायामशाळांतून रूढ झाला. नावातील 'मेडिसिन' या शब्दाचा औषधाशी थेट संबंध नाही. आरोग्यवर्धक व्यायाम या व्यापक अर्थाने तो आला आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर (कार्यकाळ १९२९–१९३३) यांच्यासाठी त्यांचे वैद्य जोएल बून यांनी ६ पौंडांचा चेंडू ८ फूट उंच जाळीवरून फेकण्याचा खेळ योजला. तो 'हूवर-बॉल' या नावाने ओळखला जातो.

मूठ असलेल्या गोळ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रशियातील 'गिर्या', म्हणजेच केटलबेल. मुळात धान्य तोलण्याचे हे वजन. त्यामुळे त्याची मापे 'पूड' या रशियन एककात (सुमारे १६.३८ किलोग्रॅम) ठरत. आजच्या स्पर्धांतील १६, २४ आणि ३२ किलोग्रॅमची वजने ही एक, दीड आणि दोन पुडांची रूपे आहेत. स्पर्धेच्या केटलबेलचे बाह्य आकारमान वजन कितीही असले तरी सारखेच ठेवले जाते, म्हणजे वजन वाढवताना खेळाडूला हाताची सवय बदलावी लागत नाही.

महाराष्ट्रातील वजनी साधने

मूठ आणि वजन यांची सांगड घालण्याचा प्रश्न मराठी मुलखातील तालमींनी पूर्वीच निरनिराळ्या प्रकारे सोडवला आहे. मुद्गल आणि करेल ही साधने लाकडाच्या एकाच ओंडक्यातून घडवली जातात. मूठ आणि वजनी भाग एकसंध असल्याने त्यांत सैल पडणारा जोड नसतो. गदेत दांड्याच्या टोकाला दगडी गोळा बसवलेला असतो. नाल हे दगडी किंवा लाकडी वजन मध्यभागी कोरून त्या पोकळीत आडवी मूठ ठेवलेली असते. याउलट काही गावांत मारुतीच्या देवळापुढे ठेवलेल्या वाटोळ्या दगडी गोटीला मूठच नसते; ती कवेत घेऊन उचलावी लागते. जेजुरीच्या दसऱ्यात उचलला जाणारा सुमारे ४२ किलोग्रॅमचा खंडा हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण आहे. तेथे मूठ एका टोकाला असते आणि जवळजवळ सर्व भार तिच्यापुढे, म्हणूनच तो एका हाताने आडवा तोलून धरणे ही कसोटी मानली जाते.

या साधनांची सविस्तर नोंद बडोद्याहून प्रसिद्ध झालेल्या मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' या दहा खंडांच्या ग्रंथात आढळते. त्याचे संपादन दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी केले असून पहिला खंड १९३६ मध्ये निघाला. मुद्गल ब्रिटिश सैनिकांमार्फत एकोणिसाव्या शतकात युरोपात पोहोचले. डोनाल्ड वॉकर यांच्या १८३४ च्या इंग्रजी पुस्तकात त्यांचे व्यायाम दिलेले आहेत. पुढे १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिक स्पर्धांत मुद्गल फिरवण्याचा स्वतंत्र प्रकार होता.

मुठीचे स्थान आणि भार

मनगटावर किती जोर येईल हे केवळ वजनावर ठरत नाही. मुठीपासून वजनाचा गुरुत्वमध्य किती दूर आहे, यावर ते अवलंबून असते. वजन आणि हे अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. नालेत मूठ गुरुत्वमध्याच्या जवळच असल्याने मनगट मुरगळवणारे परिबल जवळजवळ शून्य असते. भार केवळ खाली ओढतो. ५ किलोग्रॅमचा गोळा असलेली गदा आडवी धरली आणि गोळा मुठीपासून १ मीटरवर असला, तर केवळ गोळ्यामुळे सुमारे ४९ न्यूटन-मीटर परिबल येते.

मुठीचा व्यायामचेंडू या दोहोंच्या मध्ये बसतो. समजा, ६ किलोग्रॅमच्या चेंडूची त्रिज्या १२ सेंटिमीटर आहे आणि मूठ पृष्ठभागापासून ४ सेंटिमीटर वर आहे. मुठीपासून गुरुत्वमध्य १६ सेंटिमीटरवर राहतो आणि आडव्या स्थितीत सुमारे ९.४ न्यूटन-मीटर परिबल मनगटाला सोसावे लागते. समोरासमोर दोन मुठी लावून दोन्ही हातांनी चेंडू धरला तर प्रत्येक हाताला निम्मा भार येतो. तोच चेंडू मुठीविना तळव्यांत धरला तर मनगटापेक्षा छाती, खांदे आणि बोटांची पकड अधिक काम करते. सारांश, वजन तेच असले तरी तीन स्थितींत तीन वेगळे व्यायाम घडतात. खोक्यावर एकच किलोग्रॅमचा आकडा छापणे त्यामुळे नवशिक्याची दिशाभूल करणारे ठरू शकते.

मुठीची जाडीही महत्त्वाची आहे. पुरुषांच्या ऑलिंपिक भारोत्तोलनातील दांडी २८ मिलिमीटर आणि स्त्रियांची २५ मिलिमीटर व्यासाची असते, तर स्पर्धेच्या केटलबेलची मूठ ३३ ते ३५ मिलिमीटर जाड असते. मूठ फार बारीक असली तर ती तळव्यात रुतते. फार जाड असली तर बोटे लवकर थकतात. गोळा आणि मूठ यांच्यामधील फट बोटांची पेरे न घासता आत जातील इतकी लागते. मात्र ही फट जितकी वाढवावी तितका गुरुत्वमध्य हातापासून दूर जातो, म्हणून या दोन गरजांत नेहमीच तडजोड करावी लागते.

सुट्या मुठीचा जोड

स्थिर धरलेल्या चेंडूपेक्षा झोके देताना जोडावर पुष्कळ अधिक ताण येतो. वरील ६ किलोग्रॅमचा चेंडू ०.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला ४ मीटर वेगाने फिरत असेल, तर झोक्याच्या तळाशी वर्तुळगतीसाठी १२० न्यूटन आणि वजनाचे ५९ न्यूटन असे मिळून सुमारे १७९ न्यूटन बल जोडाला ओढते. हे बल चेंडूच्या वजनाच्या तिप्पट आहे. त्या क्षणी जोड सुटला तर चेंडू वर्तुळाच्या स्पर्शरेषेत ताशी १४ किलोमीटरहून अधिक वेगाने निघून जातो. गर्दीच्या व्यायामशाळेत त्याच्या वाटेत माणूस असण्याचीच शक्यता अधिक. याच कारणाने जोडाची ताकद प्रत्यक्ष बलाच्या कित्येक पटींनी जास्त धरली जाते. हजारो झोक्यांनंतर धातूला येणारी शिणावटही हिशेबात घ्यावी लागते.

जोडाचे मुख्य प्रकार चार आहेत. आट्यांचा जोड स्वस्त आणि मजबूत असतो, पण हाताच्या वळवण्याने आणि हादऱ्यांनी तो हळूहळू उलगडतो. शिवाय आट्यांत वाळू, घाम आणि मेणचट मळ साचतो. पाव फेरा फिरवून अडकणारा जोड चटकन बसतो, परंतु तो पूर्ण बसला की अर्धवट, हे डोळ्यांना कळले पाहिजे. त्यासाठी रंगीत खूण किंवा 'टक्' असा स्पष्ट आवाज योजतात. स्प्रिंगच्या खिट्टीचा जोड एका बोटाने सुटतो आणि तोच त्याचा धोकाही आहे, कारण व्यायामाच्या ओघात बोट नेमके तेथे पडू शकते. चौथा प्रकार चेंडूभोवती आवळलेल्या पट्ट्यांचा. यात चेंडूला भोक पाडावे लागत नाही, मात्र पट्टा ताणला की चेंडू आतून सरकतो.

या बाबतीत टिकावाचा दांडा मार्गदर्शक ठरतो. टिकावाच्या पात्याचे भोक एका बाजूला रुंद असते आणि दांड्याचे जाड टोक वरून येऊन त्यात अडकते. घाव घालताना पाते बाहेर फेकले जाऊ पाहते, तितके ते दांड्यावर अधिक घट्ट बसते. सुट्या मुठीचा जोडही असाच असावा. झोक्याच्या ओढीने तो आवळला जावा आणि ओढ थांबल्यावर, चेंडू जमिनीवर टेकलेला असतानाच, सोडवता यावा. एक खिट्टी निकामी झाली तरी मूठ न सुटणारी दुहेरी कडी ही त्याची पुढची पायरी आहे.

मूठ काढल्यावर उरणारे खोबण हाही रचनेचाच भाग आहे. झेलताना चेंडू छातीवर किंवा चेहऱ्याजवळ येतो. त्यामुळे धातूचा कोणताही भाग पृष्ठभागाबाहेर असता कामा नये आणि खोबण मऊ रबरी बुचाने बंद करता आले पाहिजे. मूठ लावलेला चेंडू आपटण्याच्या किंवा फेकण्याच्या व्यायामाला वापरू नये, अशी सूचना चेंडूवरच कोरलेली असणे इष्ट आहे.

भरण आणि कवच

आकार लहान ठेवून वजन वाढवायचे तर भरणाची घनता वाढवावी लागते. आतून २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल पोकळीत सुमारे ४.२ लिटर जागा असते. तीत पाणी भरले तर ४.२ किलोग्रॅम, कोरडी वाळू भरली तर साधारण ६.७ किलोग्रॅम आणि भरीव लोखंड असेल तर सुमारे ३३ किलोग्रॅम वजन होते. वाळू अर्धवट भरली तर ती आत सरकते आणि गुरुत्वमध्य दर झोक्याला जागा बदलतो. काही व्यायामांत हा अस्थिरपणा मुद्दाम हवा असतो, पण मुठीच्या साधनात तो मनगटाला अनपेक्षित हिसका देतो. म्हणून भरण घट्ट दाबून बसवणे किंवा वजनाची चकती मध्यभागी कायम ठेवणे श्रेयस्कर मानले जाते.

कवच टणक असेल तर आघात जोडावर जातो. ६ किलोग्रॅमचा चेंडू २ मीटरवरून पडून १ सेंटिमीटरमध्ये थांबला तर सरासरी आघात त्याच्या वजनाच्या सुमारे २०० पट होतो. मऊ रबराने ५ सेंटिमीटर दबून तो थांबवला तर सुमारे ४० पट. मुठीचे खोबण थेट कवचात न बसवता आतल्या गाभ्याशी जोडण्यामागे हेच कारण आहे.

वसई-विरारसारख्या किनारी भागात हवामानाचीही भर पडते. समुद्रावरून येणारी खारट हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे साध्या पोलादी खिट्ट्या गंजून अडकतात, तर बाहेरून सारे ठीक दिसत असताना आतील स्प्रिंग कमकुवत झालेली असते. ३१६ प्रतीच्या गंजरोधक पोलादात मॉलिब्डेनम असल्याने ते मिठाच्या हवेत ३०४ प्रतीपेक्षा अधिक टिकते. भरणातील वाळू पूर्ण वाळवून कवच हवाबंद केले नाही तर तिचे ढेप बनतात. वसई पूर्वेतील वालीव, गोखिवरे आणि सातिवली या भागांत लघुउद्योगांच्या वसाहती आहेत. भारतातील क्रीडासाहित्याची जुनी केंद्रे मात्र जालंधर आणि मेरठ ही आहेत.

रचनेचे कायदेशीर संरक्षण

मुठीच्या गोळ्याची कल्पना जुनी असल्याने तिच्यावर नव्याने हक्क सांगणे कठीण असते. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३ नुसार स्वतंत्रपणे आपापले काम करणाऱ्या ज्ञात साधनांची केवळ नवी मांडणी पेटंटयोग्य नसते. पारंपरिक ज्ञानाची पुनरावृत्तीही त्यातून वगळली आहे. चेंडूला मूठ लावली एवढ्याने पेटंट मिळणे म्हणूनच अवघड आहे. ओढीने आवळला जाणारा आणि पूर्वी कोणी न योजलेला विशिष्ट जोड मात्र पात्र ठरू शकतो. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. वसई-विरार येथील अर्जदार मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

साधनाच्या बाह्य रूपाला डिझाइन अधिनियम, २००० अन्वये १० वर्षांचे आणि वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षांचे संरक्षण मिळते. यात केवळ डोळ्यांना दिसणारे रूप येते. जोडाची यांत्रिक क्रिया येत नाही. अर्ज करण्यापूर्वीच वस्तू विकली किंवा जाहीरपणे दाखवली तर तिची नवीनता संपुष्टात येऊ शकते. हे टाळण्यासाठी पेटंटकरिता आधी तात्पुरते विवरणपत्र दाखल करता येते. पूर्ण विवरणपत्र त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते.