केर, उंबरठा आणि उकिरडा : गृहस्वच्छतेच्या शब्दांचा इतिहास

राजवंशांचा इतिहास शिलालेखांत सापडतो. घर रोज झाडणाऱ्या हातांचा इतिहास बहुधा शब्दांतच शोधावा लागतो. मराठी घरातील नित्याच्या साफसफाईचे काही शब्द तपासून त्यांवरून समाजस्थितीविषयी काय अनुमान करता येते, ते पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

प्रथम साधनांचा विचार करू. अमरकोशाच्या पुरवर्गात झाडणीस ‘संमार्जनी’ व ‘शोधनी’ अशी दोन नावे दिली आहेत. पैकी पहिलीचा सोबती ‘संमार्जन’ हा शब्द ‘सडासंमार्जन’ या जोडशब्दात मराठीने मूळ रूपातच जपला. ‘शोधनी’चे प्राकृत रूप ‘सोहणी’ असे होते. हिंदीतील ‘सोहनी’ हे त्याचेच. मराठी ‘केरसुणी’चा उत्तरार्ध याच शब्दाचा अवशेष मानणे ध्वनिनियमांस धरून आहे. म्हणजे एक शब्द विधीच्या भाषेत तत्सम राहिला, तर दुसरा रोज हाताळला जाऊन झिजला.

याच कोशात झाडून काढलेल्या कचऱ्यास ‘संकर’ व ‘अवकर’ म्हटले आहे. दोहोंच्या मुळाशी ‘कॄ’ म्हणजे विखुरणे हा धातु आहे. त्याच धातूचा ‘उत्कर’ हा यज्ञवेदीजवळ माती व कचरा टाकण्याच्या जागेचा वाचक होता. मराठी ‘उकिरडा’ हा त्याचाच वंशज. येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. घरातील केरास लावलेला ‘संकर’ हाच शब्द धर्मशास्त्राने वर्णांच्या मिश्रणासही लावला. घर निर्मळ ठेवण्याची आणि समाज ‘निर्मळ’ ठेवण्याची कल्पना एकाच शब्दात एकत्र नांदावी, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आता क्रियापदे पाहू. मराठीत केर काढतात किंवा लोटतात, मग भरतात आणि शेवटी टाकतात. ‘झाडलोट’ या सामासिक शब्दात झाडणे व लोटणे या पहिल्या क्रियाच तेवढ्या आल्या आहेत. भरणे आणि टाकणे त्यात नाही. झाडलोट ही उंबरठ्याच्या आतली असून घरच्या स्त्रियांची मानली गेली. सडा, सारवण, रांगोळी यांनी तिला मांगल्य लाभले. उंबरठ्यापलीकडे मात्र भाषा आणि माणसे दोन्ही बदलतात. गावकीत मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम महारांकडे असे. शिंदीच्या पानांची केरसुणी वळण्याचे काम मातंगांकडे असे. दिवाळीत लक्ष्मी म्हणून त्या केरसुणीस हळदकुंकू वाहिले जाई. ती वळणाऱ्यास मात्र त्याच घराचा उंबरठा ओलांडता येत नसे. वस्तु पूज्य आणि कर्ता अस्पृश्य, हा विरोध आपल्या गृहस्वच्छतेच्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

या संदर्भात जनाबाईच्या नावावरील एक सुपरिचित अभंग नव्याने वाचण्याजोगा आहे. त्यात जनी झाडलोट करते, चक्रपाणी केर भरतो आणि पाटी डोक्यावर घेऊन तो दूर नेऊन टाकतो. अभंगाचा पाठ कोणत्या काळचा हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी कामाची वाटणी अर्थपूर्ण आहे. दासीकडे आतले काम आहे. बाहेरचे, सर्वांत हलके मानलेले काम देवाने पत्करले आहे. भक्तवत्सलतेचे उदाहरण म्हणून हा अभंग नेहमी सांगितला जातो. परंतु श्रमांची उतरंड त्यात उलटी केली आहे, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंबरठ्याचा अर्थ पालटला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये पुण्यात सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या. स्वच्छता हा घरधनिणीचा नित्यक्रम न राहता सरकारी अंमलाचा विषय झाला. पुढे अरबी-फारसी परंपरेतून आलेला ‘सफाई’ हा शब्द नगरपालिकेच्या नोकरीस चिकटला आणि ‘स्वच्छता’ हा संस्कृत शब्द मोहिमांस मिळाला. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये सुरू केले. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला. एकाच प्रथेसाठी दोनदा कायदा करावा लागतो, यावरून नामांतर झाले तरी श्रमांची वाटणी फारशी हलली नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

शहाबादी फरशी आली तसे सारवण सरले, आणि ‘पोतेरे’ हा शब्द बहुतेक ‘पोतेरे करणे’ या हेटाळणीच्या वाक्प्रचारापुरता उरला. वस्तु गेली, तुच्छता राहिली. शब्दांच्या अभ्यासकाने अशा उरलेल्या तुच्छतेची नोंद घेतली पाहिजे. कारण केर घरातून निघाला तरी तो कोणाच्या डोक्यावर गेला, हे पुष्कळदा भाषाच सांगते.